अमेरिकन पासपोर्टवर अमेरिका सोडायची म्हणजे नक्की काय काय होतं

अमेरिकेतून बाहेर पडावं का, हा प्रश्न आता फक्त "परत भारतात जायचं का" एवढाच राहिलेला नाही. एडिसन, फ्रीमाँट, डॅलसकडे राहणारी, सिटिझन होऊन बरीच वर्षं झालेली आपली माणसं हल्ली पोर्तुगाल, नेदरलँड्स, जर्मनी अशी नावं घेतात, त्यांची तिथेच जन्मलेली मुलं तर अजूनच मोकळेपणाने घेतात, आणि इकडे ठाण्या-पुण्यातल्या आईबाबांना कळतच नाही की ज्या देशात शिरायला सगळं जग रांग लावतं तिथून ही पोरं निघायचं का म्हणतायत. दोन्ही बाजूंसाठी लिहितेय.

माझं मत आधीच सांगून टाकते. जाणं चुकीचं नाही, बऱ्याच जणांना ते खूप मानवतं. पण अमेरिकन माणसाचं देश सोडणं हे जर्मन किंवा भारतीय माणसाच्या देश सोडण्यासारखं नसतं, त्यामागे एक वेगळीच कागदपत्रांची भानगड येते आणि ती निघायच्या आधी समजून घेतली तर निभावते, निघाल्यावर समजली तर खूप महागात पडते. बहुतेक लोक घरभाडं, हवा आणि शाळा बघून ठरवतात. ते बघाच, पण घोडं पेंड खातं ते टॅक्स आणि बचतीपाशी, म्हणून त्यावर जास्त लिहिणार आहे.

आधी लोक का निघतात ते. पहिलं कारण दवाखाना. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या बहुतेकांचा हेल्थ इन्शुरन्स नोकरीला बांधलेला असतो, नोकरी गेली की तोही जातो किंवा तोच पुढे चालू ठेवायचा तर सगळा हप्ता खिशातून भरावा लागतो, आणि इन्शुरन्स असूनही डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी आपण भरायची रक्कम), कोपे (दर भेटीला आपण द्यायचा वाटा), विमा कंपनीच्या नेटवर्कबाहेरचा डॉक्टर या सगळ्यात बिल किती येईल हे कोणी आधी सांगू शकत नाही. जर्मनीत सरकारी आरोग्य विम्याचा मूळ दर पगाराच्या १४.६ टक्के, वर थोडा जादा हप्ता, तो अर्धा कंपनी भरते अर्धा आपण, आणि न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्यातच येतात, वेगळे पैसे नाहीत. रक्कम छोटी नाही, पण ती ठरलेली आहे, आणि आजारपणात माणसाला ठरलेल्या खर्चाची किंमत कळते.

दुसरं कारण वेळ. अमेरिकेत फेडरल कायद्याने पगारी सुट्टी एक दिवसही बंधनकारक नाही, युरोपियन युनियनमध्ये वर्षाला किमान ४ आठवडे द्यावीच लागतात. बाळंतपणाचं तसंच, १९९३ च्या कायद्याने १२ आठवडे मिळतात पण बिनपगारी आणि तेही ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीत. जर्मनीत आईबाप मिळून १४ महिन्यांपर्यंत भत्ता घेऊ शकतात, साधारण पगाराच्या ६५ टक्के आणि जास्तीत जास्त महिना १,८०० युरो, फार मोठं उत्पन्न असेल तर मिळत नाही.

तिसरं कारण लोक हळू आवाजात सांगतात. शाळेतली लॉकडाऊन ड्रिल. पहिलीतलं पोर घरी येऊन सांगतं की आज आम्ही दिवे बंद करून कोपऱ्यात गप्प बसायची प्रॅक्टिस केली. २०२० पासून अमेरिकेत १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण बंदूक आहे, अपघात नाही, कॅन्सर नाही. ज्या आईबापांना हे सहन होत नाही त्यांना मी भित्रं म्हणणार नाही.

आता दुसरी बाजू पण तितक्याच स्पष्ट शब्दांत. पगार कमी होतो, आणि थोडाथोडका नाही. सॉफ्टवेअर, मेडिसिन, फायनान्स अशा क्षेत्रांत अमेरिकेतला सीनियर माणूस जेवढं कमावतो त्याच्या निम्म्याच्या आसपास युरोपात मिळतं आणि त्यातून टॅक्स जास्त कापला जातो. भाषा न येता नोकरी मिळते पण बढती अडते. चाळिशीत डच किंवा पोर्तुगीज शिकणं होतं, पण रोज संध्याकाळी वेळ द्यावा लागतो, आणि मुलं सहा महिन्यांत बोलायला लागतात आणि आपण बेकरीत बोट दाखवत राहतो तेव्हा मन खट्टू होतं. अमेरिकेत इतक्या वर्षांत जमवलेली आपली माणसं, महाराष्ट्र मंडळ, गणपती, मराठी शाळा, हेही सगळं मागे राहतं, आणि लिस्बनमध्ये ते पहिल्यापासून उभं करायचं तर आधी माणसं शोधण्यापासून सुरुवात.

राहायचा हक्क कुठून आणणार

अमेरिकन पासपोर्टवर दीडशेच्या वर देशांत व्हिसा न काढता जाता येतं, त्यामुळे खूप जणांच्या डोक्यात असं बसलेलं असतं की कुठेही जाऊन राहता येईल. नाही. फिरायला जाणं वेगळं आणि राहणं वेगळं. शेंगेन म्हणजे युरोपातल्या एकाच व्हिसावर चालणाऱ्या देशांत कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, सगळे देश मिळून. म्हणजे ४५ दिवस इटली आणि ४५ दिवस ग्रीस झालं की बाहेर. जॉर्जिया आणि अल्बानिया अमेरिकन लोकांना व्हिसाशिवाय एक वर्ष राहू देतात पण ते अपवाद.

राहायला परवाना लागतो आणि तो नोकरीवर, पैशावर, शिक्षणावर, नात्यावर किंवा आजोबांच्या जन्मदाखल्यावर मिळतो. आजोबा-पणजोबा इटालियन, आयरिश असणाऱ्या अमेरिकनांना शेवटचा रस्ता असतो, आपल्या लोकांना नसतो. आपल्यासाठी मुख्य म्हणजे नोकरी आणि पैसा. पोर्तुगालचा डी७ व्हिसा पेन्शन, भाडं, डिव्हिडंड असं बसून येणारं उत्पन्न असणाऱ्यांसाठी आहे, आणि २०२५ साली अट होती तिथल्या किमान वेतनाएवढी, म्हणजे महिना ८७० युरो, जोडीदार आणि मुलांसाठी त्यावर थोडे वाढीव. कॅनडात कायम राहायला जायच्या एक्स्प्रेस एंट्री योजनेत वयाचे गुण असतात, तिशी गाठली की दरवर्षी कमी होत जातात आणि पंचेचाळिशीला शून्य, त्यामुळे "मुलं जरा मोठी झाली की बघू" म्हणणाऱ्यांनी हे गणित आधी बघावं.

नेदरलँड्सचा एक रस्ता आहे जो खास अमेरिकन नागरिकांसाठीच आहे आणि फार कमी जणांना माहीत असतो. १९५६ साली दोन देशांत मैत्रीचा करार झाला, त्याखाली अमेरिकन माणूस तिथे जाऊन स्वतःचा व्यवसाय काढू शकतो आणि भांडवल फक्त ४,५०० युरो धंद्यात ठेवावं लागतं. कन्सल्टंट, डिझायनर, फ्रीलान्स डेव्हलपर यांना हे जमतं, जोडीदाराला नोकरी करायची मुभा मिळते. ग्रीन कार्डवाल्याला मिळत नाही, पासपोर्टच लागतो.

जर्मनीचं अजून एक चांगलं आहे, अमेरिकन नागरिक आधी जाऊन मग तिथे बसून परवान्याचा अर्ज करू शकतो, आपल्या भारतीय पासपोर्टवाल्या भावासारखं कॉन्सुलेटच्या चकरा मारून व्हिसा लागेपर्यंत थांबावं लागत नाही. आणि जून २०२४ पासून जर्मनी दुसरं नागरिकत्व ठेवू देते. अमेरिकाही देते, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं म्हणून अमेरिकन नागरिकत्व आपोआप जात नाही.

टॅक्स, जो पाठ सोडत नाही

जगातले जवळजवळ सगळे देश तुम्ही कुठे राहता त्यावर टॅक्स घेतात. अमेरिका तुम्ही कोण आहात त्यावर घेते. नागरिक असाल तर चंद्रावर राहिलात तरी दरवर्षी रिटर्न भरायचं. असं करणारा दुसरा देश म्हणून नाव येतं ते एरिट्रियाचं. याची मुळं अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात आहेत, १८६० च्या दशकात इन्कम टॅक्स पहिल्यांदा आला तेव्हापासूनच परदेशी राहणारे नागरिक त्यात धरले गेले, आणि १९२४ साली मेक्सिको सिटीत राहणाऱ्या एका अमेरिकनाने हे कोर्टात आव्हान दिलं तेव्हा सुप्रीम कोर्टाने सरकारच्या बाजूने निकाल दिला. तेव्हापासून ते तसंच चालू आहे.

बोरिस जॉन्सन यांचं उदाहरण यासाठी फार चांगलं आहे. जन्म १९६४ चा न्यूयॉर्कमधला, पाच वर्षांचे असताना अमेरिका सोडली, लंडनचे महापौर झाले. लंडनमधलं राहतं घर विकलं, ब्रिटनमध्ये राहत्या घराच्या नफ्यावर टॅक्स नाही, पण आयआरएसने, म्हणजे अमेरिकेच्या टॅक्स खात्याने, बिल पाठवलं कारण कागदावर ते अमेरिकन होते. आधी म्हणाले भरणार नाही, मग भरलं, आणि २०१६ मध्ये नागरिकत्व सोडलं. विचार करा, पाच वर्षांचा असताना गेलेला माणूस.

म्हणजे दोनदा टॅक्स भरायचा का? बहुतेकांना नाही, आणि इथेच लोक एकतर उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त राहतात. वाचायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे परदेशात भरलेल्या टॅक्सची वजावट. समजा तुम्ही ॲमस्टरडॅममध्ये ८० हजार युरो कमावता. डच टॅक्स अमेरिकन टॅक्सपेक्षा जास्तच बसतो, तो भरलेला टॅक्स अमेरिकेच्या हिशोबातून वजा होतो आणि अमेरिकेला देणं शून्य राहतं. रिटर्न मात्र भरायचंच, शून्य आलं तरी.

दुसरा मार्ग म्हणजे परदेशातली कमाई ठरावीक रकमेपर्यंत हिशोबातूनच वगळायची. २०२५ साठी ही मर्यादा १,३०,००० डॉलर होती, दरवर्षी थोडी वाढते, आणि अट अशी की सलग १२ महिन्यांत ३३० पूर्ण दिवस अमेरिकेबाहेर असायला हवं किंवा दुसऱ्या देशाचे पक्के रहिवासी. दुबईसारख्या जिथे टॅक्सच नाही तिथे हाच मार्ग कामाचा, कारण वजा करायला भरलेला टॅक्सच नसतो. दुबईत २ लाख डॉलर पगार असेल तर १ लाख ३० हजार सुटले, राहिलेल्या ७० हजारांवर अमेरिका टॅक्स लावेल आणि तोही खालच्या नाही, वरच्या स्लॅबच्या दराने. पोर्तुगाल, जर्मनी, नेदरलँड्स अशा जास्त टॅक्सच्या देशांत पहिला मार्गच बरा. सगळी कमाई दुसऱ्या मार्गाने वगळली तर आयआरए या रिटायरमेंट खात्यात पैसे टाकता येत नाहीत आणि मुलांच्या टॅक्स क्रेडिटचा परत मिळणारा भागही जातो. स्वस्त सल्लागार बरेचदा डोळे झाकून दुसरा मार्ग टिकमार्क करतात, म्हणून हे स्वतः विचारायचं.

स्वतःचा धंदा करणाऱ्यांसाठी अजून एक खड्डा आहे. वगळण्याचा मार्ग फक्त इन्कम टॅक्सला लागू, सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा सरकारी आरोग्य विमा) यांचा १५.३ टक्के त्याने सुटत नाही. तो सुटतो जर त्या देशाशी अमेरिकेचा सोशल सिक्युरिटीचा करार असेल तर. जर्मनी, नेदरलँड्स, स्पेन, पोर्तुगाल यांच्याशी आहे. भारताशी नाही. मेक्सिकोशी २००४ मध्ये सही झाली पण अंमलात आलेला नाही. म्हणजे पुण्यात बसून फ्रीलान्सिंग करणारा अमेरिकन नागरिक भारतातला इन्कम टॅक्स भरतो आणि वर हे १५.३ टक्केही भरतो, आणि "मी तर १ लाख ३० हजारांच्या आत आहे" म्हणून निवांत बसलेला असतो.

राज्याचा टॅक्स लोक विसरतातच. कॅलिफोर्निया परदेशी कमाई वगळायची ती सवलत मानत नाही. ड्रायव्हिंग लायसन्स, मतदार नोंदणी, घर तिथेच ठेवून गेलात तर राज्य म्हणू शकतं की तुम्ही अजून आमचेच. त्यामुळे निघायच्या आधी राज्याशी संबंध नीट तोडून, तारखेसकट कागद जपून ठेवायचे.

बँक खाती, एलआयसी आणि म्युच्युअल फंड

आता सगळ्यात चिकट भाग, आणि हा भाग परदेशी न जाता न्यू जर्सीतच राहणाऱ्या आपल्या लोकांनाही लागू आहे.

अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १० हजार डॉलरच्या वर गेली तर एफबार नावाचा रिपोर्ट भरायचा. टॅक्स नाही, फक्त माहिती. पण सगळी खाती म्हणजे खरंच सगळी: बचत खातं, एफडी, पीपीएफ, सरेंडर व्हॅल्यू असलेली एलआयसी पॉलिसी, आणि आईच्या खात्यावर सोयीसाठी तुमचं नाव जॉइंट लावलेलं असेल तर तेही. आईची पेन्शन, आईचे पैसे, तुम्ही एक रुपया काढलेला नाही, तरी ते तुमच्या रिपोर्टमध्ये येतं. १० हजार डॉलर म्हणजे साडेआठ-नऊ लाख रुपये, दोन एफडी आणि आईचं खातं धरलं की सहज पार.

न भरल्याचा दंड अनवधानाने झालं असेल तरी १० हजार डॉलरपर्यंत, आणि तो आकडा महागाईनुसार वाढत गेलाय. आधी सरकार म्हणायचं दर खात्यामागे. बिटनर नावाचे एक गृहस्थ रुमेनियातून येऊन अमेरिकन नागरिक झाले, मग रुमेनियाला परत गेले, तिथे धंदा केला, खाती उघडली, रिपोर्ट भरायचा असतो हे त्यांना माहीत नव्हतं. सरकारने २७.२ लाख डॉलर दंड लावला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दंड खात्यामागे नाही, वार्षिक रिपोर्टमागे, आणि तो पाच वर्षांचा ५० हजारांवर आला. मायदेशी परतलेल्या माणसाची ही केस आहे, म्हणून आपल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी.

२०१० मध्ये फॅटका कायदा आला तेव्हापासून परदेशी बँकाच अमेरिकन ग्राहकांची माहिती आपापल्या सरकारमार्फत किंवा थेट अमेरिकेला देतात. भारतातल्या बँकेत केवायसी करताना "तुम्ही अमेरिकन पर्सन आहात का" असा फॉर्म भरून घेतात तो याचसाठी. याचा उलटा परिणाम असा की युरोपातल्या काही बँका अमेरिकन माणसाचं खातं उघडायलाच नको म्हणतात, कारण त्यांना एवढा व्याप नको असतो. आणि दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतल्या कित्येक ब्रोकरेज कंपन्या तुमचा पत्ता परदेशी झाला की नवीन खरेदी बंद करतात किंवा खातंच बंद करायला सांगतात. म्हणजे तिकडेही नको आणि इकडेही नको.

मग माणूस म्हणतो ठीक आहे, राहतोय तिथल्याच म्युच्युअल फंडात एसआयपी लावतो. इथे थांबा. अमेरिकेच्या नजरेत परदेशी म्युच्युअल फंड आणि ईटीएफ यांना पीफिक म्हणतात आणि त्यांचे नियम मुद्दाम जाचक ठेवलेत, १९८६ साली आले, उद्देश श्रीमंतांनी परदेशी फंडात नफा लपवू नये हा होता. काही वेगळं निवडलं नाही तर विकताना झालेला नफा मागच्या सगळ्या वर्षांत वाटला जातो, त्या त्या वर्षाच्या सगळ्यात वरच्या दराने टॅक्स लागतो आणि वर व्याज. दर फंडाचा वेगळा फॉर्म, नंबर ८६२१. एकूण गुंतवणूक २५ हजार डॉलरच्या आत असेल आणि त्या वर्षी काही विकलं नसेल, काही मोठं मिळालं नसेल तर फॉर्मची सूट आहे, पण नियम तोच. पाच स्कीम असतील तर पाच फॉर्म, आणि असे फॉर्म भरणारा सीए हजारो डॉलर घेतो. थेट शेअर घेतले तर हा नियम बहुतेकदा लागत नाही. म्हणून अमेरिकन नागरिकाने भारतात किंवा युरोपात फंड घेण्यापेक्षा अमेरिकेतलं खातं टिकवून ठेवणं जास्त शहाणपणाचं, आणि ते कुठली कंपनी परदेशी पत्त्यावर चालू ठेवते हे निघायच्या आधी लेखी विचारून घ्यायचं.

ज्यांनी हे काहीच भरलं नाही आणि आत्ता वाचून पोटात गोळा आलाय त्यांच्यासाठी: मुद्दाम लपवलं नसेल तर आयआरएसची एक सोपी योजना आहे, परदेशात राहणाऱ्यांनी मागच्या ३ वर्षांची रिटर्न्स आणि ६ वर्षांचे एफबार भरले तर दंड माफ होतो. फक्त त्यांचं पत्र यायच्या आधी भरायचं.

आणि वारसा. आईवडिलांनी किंवा काकांनी परदेशातून वर्षात १ लाख डॉलरच्या वर काही दिलं, गिफ्ट म्हणून किंवा वारशाने, तर त्यावर अमेरिकेत टॅक्स नाही पण फॉर्म ३५२० भरावा लागतो, नाही भरला तर दंड त्या रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. दादरचा फ्लॅट नावावर झाला की हा आकडा केव्हाच ओलांडलेला असतो, आणि घरात दुःखाचे दिवस असताना हे कोणाच्या डोक्यात येत नाही.

म्हातारपण

सोशल सिक्युरिटीसाठी ४० क्रेडिट म्हणजे साधारण १० वर्षं काम झालेलं असलं की पेन्शन पक्की, आणि नागरिकाला ती जवळजवळ कुठल्याही देशात मिळते, क्युबा आणि उत्तर कोरिया सोडून. मेडिकेअरचं मात्र तसं नाही. अमेरिकेबाहेर मेडिकेअर जवळजवळ काहीच देत नाही. त्यामुळे ६५ व्या वर्षी पोर्तुगालमध्ये असाल तर प्रश्न पडतो की जी सेवा वापरताच येत नाही तिच्या पार्ट बी या भागाचा (डॉक्टरांच्या खर्चाचा) हप्ता भरायचा का. नाही भरला आणि पुढे सत्तरीत परत आलात तर उशिराच्या दर पूर्ण १२ महिन्यांमागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो आणि तो दंड आयुष्यभर चालतो. पाच वर्षं उशीर म्हणजे दीडपट हप्ता, कायमचा. परत यायची थोडी जरी शक्यता असेल तर हप्ता भरत राहावं असं मला वाटतं, म्हातारपणी नातवंडांकडे ओढ लागते आणि निर्णय बदलतात.

पेन्शन डॉलरमध्ये आणि खर्च युरोत असेल तर विनिमय दराचा फटकाही धरून चाला. जानेवारी २०२५ मध्ये एक युरो साधारण १.०३ डॉलरला होता, जूनच्या शेवटी १.१७ च्या वर गेला. २,००० युरो घरभाडं असेल तर जे २,०६० डॉलरमध्ये भागत होतं त्याला २,३४० लागायला लागले, सहा महिन्यांत, घरमालकाने एक पैसा न वाढवता.

पुण्याला परतायचं असेल तर

भारताचं वेगळं लिहायला हवं कारण आपल्या लोकांसाठी तो "परदेश" नसतो. ओसीआय कार्ड (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकाला भारत देतो ते) असेल तर राहायला, नोकरीला परवाना लागत नाही, हे मोठंच सुख. परतल्यावर पहिली दोन, कधी तीन वर्षं भारत तुमच्या बाहेरच्या उत्पन्नावर टॅक्स घेत नाही, मग पूर्ण रहिवासी धरतो आणि जगभरातल्या कमाईवर लावतो, आणि अमेरिका तर लावतेच आहे. करारामुळे दोनदा बसत नाही पण दोन्हीकडे रिटर्न, आणि भारताचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च आणि अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर, त्यामुळे आकडे जुळवणं डोक्याला ताप. ४०१ के सारख्या नोकरीतल्या रिटायरमेंट खात्यांसाठी भारताने एक खास कलम आणलंय, त्याचा पर्याय वेळेत निवडला तर पैसे काढेपर्यंत भारत टॅक्स लावत नाही. सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनवर करारानुसार फक्त अमेरिकाच टॅक्स घेते, भारत नाही.

ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली ठेवता येते, म्हणजे रत्नागिरीतली आजोबांची कलमं राहतील पण शेजारची वाडी विकत घेऊन बाग वाढवायचा बेत असेल तर तो होणार नाही. आणि मुलांचं: मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय कार्ड काढलेल्या मुलांना नीट, जेईई देता येते पण प्रवेश एनआरआय किंवा जादा जागांवरच, जनरल सीट नाही. आठवीतल्या मुलीला घेऊन परतायचं, तिचं कार्ड त्यानंतरचं आहे आणि तिला डॉक्टर व्हायचंय, तर हे एक वाक्य बाकी सगळ्या फायद्यातोट्यांपेक्षा जड आहे.

ग्रीन कार्डवाल्यांनी वरचं सगळं वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची: टॅक्सचे नियम तुम्हालाही जवळजवळ तेच, पण परत यायचा हक्क नाही. रीएंट्री परमिट जास्तीत जास्त दोन वर्षांचं, आणि बाहेर स्थायिक झालात असं दिसलं की कार्ड जाऊ शकतं. बाहेर जायचं असेल तर बहुतेकांनी आधी नागरिकत्व घ्यावं की नाही हे ठरवून मगच निघावं. नागरिकत्व घेतलं तर येणं-जाणं मोकळं पण टॅक्स कायमचा. कार्ड सोडलं तर टॅक्स सुटतो, पण मागच्या १५ वर्षांत ८ वर्षं कार्ड होतं तर सोडताना एक्झिट टॅक्सचा हिशोब लागू होतो.

तोच हिशोब नागरिकत्व सोडणाऱ्याला. एकूण मालमत्ता २० लाख डॉलरच्या वर असेल, किंवा मागच्या पाच वर्षांचे टॅक्सचे कागद चोख नसतील, तर सगळी मालमत्ता आदल्या दिवशी विकली असं धरून टॅक्स लावतात. २० लाख ऐकायला खूप वाटतात, पण बे एरियातलं फिटलेलं घर आणि दोघांची रिटायरमेंट खाती धरली की बरेच मराठी इंजिनिअर त्या आकड्याच्या आसपास येतात. फक्त टॅक्सच्या कटकटीसाठी नागरिकत्व सोडू नये असं माझं ठाम मत आहे. आज पस्तिशीत वैताग येतो, पण पुढे मुलगी तिकडे शिकायला गेली, तिला बाळ झालं, तेव्हा तुम्ही व्हिसाच्या रांगेत असाल.

जाताय तिथल्या लोकांचाही विचार करा असं मनापासून सांगेन. डॉलर घेऊन आलेल्या माणसाला लिस्बनचं भाडं स्वस्त वाटतं, तिथल्या शिक्षिकेला तेच परवडेनासं होतं. पोर्तुगालने २०२३ मध्ये घर घेऊन गोल्डन व्हिसा मिळवायचा रस्ता बंद केला तो याच रागामुळे. जुलै २०२५ मध्ये मेक्सिको सिटीत रोमा आणि कोंदेसा भागांत परदेशी लोकांमुळे वाढलेल्या भाड्यांविरुद्ध मोर्चा निघाला, दुकानांच्या काचा फुटल्या. भाषा शिका, स्थानिक टॅक्स चुकवू नका, शेजाऱ्यांच्या भावात घर शोधा.

परतीचा रस्ताही आधीच बघून ठेवायचा. पाच-सहा वर्षं बाहेर राहून परत आलात तर मुलगा कुठल्याच राज्याचा रहिवासी धरला जात नाही, सरकारी विद्यापीठात इन-स्टेट फी मिळवायला बहुतेक ठिकाणी आधी वर्षभर तिथे राहावं लागतं, म्हणून बारावीपर्यंत थांबू नका, अकरावीच्या आधी परता. एखादं अमेरिकन क्रेडिट कार्ड चालू ठेवा, नाहीतर चाळीस वर्षांच्या माणसाला भाड्याचं घर घेताना विद्यार्थ्यासारखी डिपॉझिटं भरावी लागतात. परदेशातून परत येणं हे हेल्थ इन्शुरन्स विकत घ्यायच्या सरकारी मार्केटप्लेसवर मधल्या काळात नाव नोंदवायचं मान्य कारण आहे पण त्याला आल्यापासून ६० दिवसांची मुदत असते, त्यामुळे तिकडचा पत्ता सोडल्याचा आणि इकडे आल्याच्या तारखेचा कागद हँडबॅगेत ठेवायचा, शिपिंगच्या खोक्यात नाही.